दातोगा लोहार आणि त्यांची दुनिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानियाला सफारीला जाणारी मराठी मंडळी आता बरीच वाढलीत. सेरेंगेटी झालं, गोरोंगोरोचं विवर झालं की बरेच जण एक दिवस एयासी सरोवराकडे वळतात. सकाळी शिकारीवर जगणाऱ्या हाडझा लोकांबरोबर रानात आणि दुपारी दातोगा लोहाराकडे, असा साधारण ठरलेला कार्यक्रम असतो. जाण्याआधी आणि आल्यावर जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केलेत. क्रम असा काही खास नाही आणि काही उत्तरं लांबलीत, तेवढं चालवून घ्या.

दातोगा म्हणजे नक्की कोण?

उत्तर-मध्य टांझानियातला एक गुरं पाळणारा समाज. मान्यारा, अरुशा, सिंगिडा, मारा या भागांत पसरलेला. हानांग नावाचा जवळजवळ ३,४०० मीटर उंच डोंगर आहे, त्याच्या आजूबाजूचं पठार, एयासी सरोवराचा काठ, म्बुलूचा डोंगराळ भाग, ही त्यांची मुख्य वस्ती. भाषा नाईलोटिक कुळातली, आणि त्यातही दक्षिण शाखेची, म्हणजे केनियातले कालेंजिन लोक (नांदी, किप्सिगिस, ते मॅरेथॉन जिंकणारे धावपटू ज्या भागातून येतात ते) यांचे भाषेच्या दृष्टीने हे लांबचे भाऊबंद. पूर्वज उत्तरेकडून, आजच्या दक्षिण सुदान आणि इथिओपियाच्या बाजूने, पिढ्यानपिढ्या सरकत सरकत खाली आले असं भाषेवरून दिसतं.

गाईड "मांगाती" म्हणाला, कुठे "बाराबाइग" वाचलं. हे वेगळे का?

एकच लोक आहेत. मांगाती हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, मासाई भाषेतून स्वाहिलीत आलेलं, आणि अर्थ काही चांगला नाही (शत्रू), त्यामुळे समोरच्याला दातोगाच म्हणा. बाराबाइग हा दातोगांमधला सगळ्यात मोठा गट. असे बरेच गट आहेत, गिसामजांगा, बाजुता, रोतिगेंगा वगैरे, आणि त्यातलाच एक गिदांगोदिगा, म्हणजे लोहारांचा. आपल्या विषयाला तोच महत्त्वाचा.

मग मासाई आणि दातोगा यांच्यात काय फरक? दिसायला तर सारखेच वाटतात.

काठी, अंगावर चादर, मागे गुरं, एवढंच बघितलं तर सारखे वाटणारच. पण भाषा इतकी वेगळी की एकमेकांचं बोलणं कळत नाही. आणि इतिहास तर सरळसरळ वैराचा आहे. आज आपण ज्या गोरोंगोरो विवरात गाडीतून गेंडे शोधत फिरतो तिथे आधी दातोगांची गुरं चरायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मासाईंनी लढाई करून त्यांना तिथून हटवलं आणि ते दक्षिणेकडे, एयासी आणि हानांगकडे सरकले. विवरातल्या काही जागा दातोगा अजूनही पवित्र मानतात. सफारीत हे कोणी सांगत नाही, सगळं लक्ष सिंहावर असतं.

सगळे दातोगा लोहार असतात का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज टूरमुळेच होतो, कारण पाहुण्यांना थेट लोहाराच्याच दारात नेतात. बहुतेक दातोगा गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळणारे, आणि आता बरेच जण मका, कडधान्यंही पिकवतात. लोहारकाम फक्त गिदांगोदिगांचं. बापाकडून मुलाकडे जाणारं काम, बाहेरचा माणूस सहसा त्यात येत नाही आणि आला तरी बाकीच्या दातोगांना ते रुचत नाही. लोहारही थोडीफार गुरं-शेळ्या ठेवतात, पण त्यांची ओळख भट्टीचीच.

लोहारशाळा कशी असते? मोठं वर्कशॉप?

झाडाखाली किंवा छोट्या मांडवाखाली जमिनीतला एक खड्डा, बस्स. खड्ड्यात लाकडी कोळसा पेटलेला. बाजूला भाता, म्हणजे शेळीच्या कातड्याच्या दोन पिशव्या, पिशव्यांच्या टोकाला नळ्या आणि त्या नळ्या एका जाड मातीच्या तोटीत जातात. तोटी थेट निखाऱ्यात. भाता मारणारा जमिनीवर बसून दोन हातांनी दोन पिशव्या आळीपाळीने दाबतो, एक खाली जाते तेव्हा दुसरी उचलताना तिचं तोंड उघडून हवा भरतो. त्यामुळे वारा तुटत नाही, सलग येतो. बघायला सोपं वाटतं. दोन मिनिटं करून बघा, खांदे बोलायला लागतात आणि हवा तर भलतीकडूनच निसटते. हे काम बऱ्याचदा घरातल्या पोरांकडे असतं, आणि पोरं हे करताना इकडे तिकडे बघत गप्पाही मारतात, त्याचाच जास्त राग येतो.

ऐरण म्हणजे एखादा जाड लोखंडी तुकडा नाहीतर चक्क दगड. सांडशी, हातोडे, छिन्नी, कानस ही हत्यारं, त्यातली बरीच लोहाराने स्वतःच केलेली. सगळं जमिनीच्या पातळीवर. उभं राहून काम करायची पद्धतच नाही.

धातू कुठून येतो? तिथे खाण आहे का?

खाण नाही, भंगार. तुटलेली कुलुपं, नळाच्या तोट्या, तांब्याची वायर, ॲल्युमिनियमची फुटकी पातेली, गाड्यांचे सुटे भाग, बांधकामाचे खिळे. कुलपं आणि तोट्या पितळेच्या असतात म्हणून त्यांना भाव चांगला. कराटूपासून मांगोल्यापर्यंत (एयासीच्या वाटेवरची ही गावं) जिथे जिथे काही मोडतं तिथून ते फिरत फिरत इथे येऊन पोचतं.

काही पाहुण्यांचा इथे हिरमोड होतो. त्यांना वाटलेलं असतं की डोंगरातून दगड आणून त्याचं लोखंड काढत असतील, आणि समोर येतं चिनी कुलूप. पण मला विचाराल तर कौशल्य इथेच आहे. हातात काय धातू आलाय ते रंगावरून, वजनावरून, आवाजावरून ओळखायचं आणि त्याच्यापासून काय होऊ शकतं ते ठरवायचं. लेबल लावलेला माल त्यांना कोणी देत नाही.

बांगडी कशी बनते ते जरा नीट सांगाल का? आम्ही गेलो तेव्हा सगळं पाच मिनिटांत उरकलं.

पाहुण्यांची रांग असली की ते उरकतातच. नीट बघायचं असेल तर दुसरा ग्रुप यायच्या आधी जा आणि बसून राहा.

आधी कुलूप ठोकून फोडतात, आतली स्प्रिंग आणि कडी (ती लोखंडाची असते) बाजूला काढतात, कारण लोखंड या आचेला वितळणार नाही, नुसतं मध्ये अडकून बसेल. पितळेचे तुकडे मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) टाकतात, मूस निखाऱ्यात खोल बसवतात, वरूनही निखारे लोटतात आणि भाता जोरात सुरू होतो. आता बघण्यासारखं म्हणजे आगीचा रंग. सुरुवातीला लाल असते, मग नारिंगी, मग पिवळट, आणि पितळ तापलं की ज्वाळेच्या कडेला हिरवट झाक येते आणि पांढरा धूर निघतो. तो धूर जस्ताचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि जस्त ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळायला लागतं, म्हणजे पितळ पूर्ण वितळतं त्याच सुमाराला. म्हणून लोहार मूस गरजेपेक्षा जास्त वेळ आत ठेवत नाही, जस्त उडून गेलं की माल कमी होतो आणि रंगही बदलतो. तुम्हीसुद्धा धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला बसा, तो धूर जास्त गेला तर रात्री ताप आल्यासारखं होतं.

वितळलं की सांडशीने मूस उचलून रस एका लांबट खाचेत ओततात. हे सगळं काही सेकंदांचं काम आहे, हात थांबला की रस वाटेतच घट्ट होतो. खाचेतून निघते ती पेन्सिलीएवढी जाड कांडी. पुढे ठोकाठोक. कांडी थंड असताना ठोकली की पितळ कडक होत जातं आणि मग तडकतं, म्हणून मधूनमधून परत तापवून मऊ करून घेतात. हवी तेवढी लांब आणि चपटी झाली की छिन्नीने नक्षी, बारीक तिरप्या रेघा, टिंबं, जाळी. कांडी सरळ असतानाच नक्षी करतात, वाकवल्यावर आतून आधार मिळत नाही. शेवटी गोल वाकवायची, टोकं कानशीने घासायची, वाळूने किंवा राखेने चमकवायची. कधी तांबं आणि पितळ अशा दोन तारा एकमेकींत पिळून ठोकतात, त्या बांगड्या मला जास्त आवडतात, एकात लाल एकात पिवळं असं दिसतं.

लोखंडही असंच वितळवून ओततात का?

नाही. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो म्हणून आकडेच देतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पितळ साधारण ९०० ते ९४०, तांबं १,०८५, आणि शुद्ध लोखंड १,५३८. कोळसा आणि कातड्याचा भाता यांच्यावर तांब्यापर्यंत मजल जाते, लोखंडाचा रस होत नाही. पण लोखंडाला वितळायची गरजच नसते, नारिंगी-पिवळं झालं की ते इतकं मऊ होतं की हातोड्याने हवा तो आकार घेतं. म्हणून एकाच भट्टीवर दोन वेगळी कामं चालतात. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांचं ओतकाम आणि लोखंडाचं ठोककाम. भाले, सुऱ्या, कुऱ्हाडी, गुरांना डाग द्यायची लोखंडं हे सगळं ठोकून.

आणि सुरी करायची असेल तर चांगला लोहार खिळा घेत नाही. खिळ्याच्या लोखंडात कार्बन फार कमी, लाल करून पाण्यात बुडवलं तरी धार काही धरत नाही. गाडीच्या पाट्याच्या स्प्रिंगेत कार्बन भरपूर असतो, तिला पाणी दिलं की पातं टणक होतं. त्यामुळे मोडक्या लँड क्रूझरची स्प्रिंग म्हणजे तिथे सोनं.

बाणांचं काय? ते हाडझांसाठी करतात असं ऐकलं.

हो, आणि या सगळ्या विषयातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग हाच. हाडझा म्हणजे एयासीच्या काठचे शिकार आणि कंदमुळं-मध गोळा करून राहणारे लोक, जेमतेम हजार-बाराशे असतील. त्यांची भाषा दातोगांच्या भाषेपेक्षा पूर्ण वेगळी, तोंडाने टिचक्या वाजवल्यासारखे आवाज असलेली. ते धातू वितळवत नाहीत. पण मोठ्या प्राण्यासाठी त्यांना लोखंडी टोकाचा बाण लागतो (पक्ष्यांसाठी नुसती लाकडाची टोकंही चालतात). काही टोकं ते स्वतः खिळे थंडच ठोकून करतात, काही दातोगा लोहाराकडून घेतात.

लोहाराचं काम असं की मोठा खिळा लाल करायचा, डोक्याकडचा भाग ठोकून पानासारखं पातं काढायचं, कधी त्याला मागे वळलेले काटे पाडायचे म्हणजे बाण निघून येणार नाही, आणि खालचा दांडा बारीक करून वेताच्या किंवा लाकडाच्या काडीत बसेल असा ठेवायचा. एका खिळ्याचा एक बाण. हात बसलेला लोहार बोलता बोलता करतो, आणि पातं दोन्हीकडून सारखं आलंय का हे डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून बघतो. वाकडं असलं तर बाण उडताना भरकटतो आणि हाडझा परत करायला येतो, गिऱ्हाईक काही सोडत नाही.

विष पण लोहारच लावतो का?

नाही, ते हाडझांचं काम. एक विष डेझर्ट रोझ म्हणजे अडेनियमच्या रसापासून (आपल्याकडे बाल्कनीत कुंडीत लावतात तेच झाड, हो), दुसरं स्ट्रोफॅन्थसच्या बियांपासून. दोन्ही हृदयावर काम करतात. रस आटवून डांबरासारखा घट्ट करतात आणि पात्याच्या खालच्या दांड्यावर थापतात, वर कातडं गुंडाळतात म्हणजे चुकून हाताला लागत नाही आणि वाळतही नाही.

बदल्यात पैसे घेतात?

पाहुण्यांकडून पैसे. हाडझांकडून बऱ्याचदा मध, मांस, कातडी. आणि हा मध पुढे कुठे जातो ते बघा, दातोगांच्या कुठल्याही मोठ्या कार्याला मधाची दारू लागतेच, लग्न असो, म्हाताऱ्या माणसाचं अंत्यकर्म असो. म्हणजे अरुशाच्या भंगारातला खिळा लोहाराकडे येतो, त्याचा बाण होऊन हाडझाकडे जातो, हाडझाचा मध दातोगांकडे येतो आणि त्याची दारू वडीलधाऱ्यांच्या बैठकीत फिरते. "जगापासून तुटलेले लोक" असं जे वर्णन ब्रोशरमध्ये असतं ते वाचून म्हणूनच हसू येतं.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही समजू नका. गुरं वाढली की चराई हाडझांच्या रानात शिरते, पाणवठे आटतात, शिकार पळते. त्यावरून तणाव खूप जुना आहे. २०११ मध्ये एयासीजवळच्या याएदा खोऱ्यातल्या हाडझांना सामूहिक जमिनीचे कागद मिळाले ते याच पार्श्वभूमीवर.

लोहारांना खालचं मानतात हे खरं आहे का? आणि का?

खरं आहे. गिदांगोदिगा आपसातच लग्नं करतात, इतर दातोगा त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. त्यांच्याबद्दल विटाळाची, अपशकुनाची भावना आहे, आणि गंमत म्हणजे सोबत थोडी भीतीही, लोहाराचा शाप लागतो वगैरे. भाला त्याच्याकडूनच घ्यायचा, बायकोच्या हातातली कडी त्याच्याकडूनच आणायची, पण मुलगी द्यायची नाही.

हे फक्त दातोगांचं नाही. मासाईंमध्येही लोहारांचा वेगळा गट आहे, इलकुनोनो, आणि तिथेही तेच, लग्न नाही, बरोबरीने वागवणं नाही. लोहाराच्या हातची वस्तू घेताना आधी हाताला तेल-चरबी लावायची पद्धत मासाईंमध्ये नोंदलेली आहे. कारण विचारलं की सांगतात, लोहार हत्यार बनवतो, हत्याराने रक्त सांडतं, म्हणून दोष बनवणाऱ्याकडे जातो. आता भाला मारणाऱ्याला मात्र त्याच समाजात मान! पूर्वी सिंह, हत्ती, रानरेडा मारणाऱ्या दातोगा तरुणाला वीर म्हणून मिरवायचे, नातेवाईक गाई भेट द्यायचे. ज्याने भाला फेकला त्याला गाई आणि ज्याने घडवला त्याला विटाळ.

माझं मत विचाराल तर यात रक्ताचा वगैरे संबंध नंतर जोडलेला वाटतो. जिथे माणसाची किंमत गुरांवर ठरते तिथे मातीत बसून दुसऱ्यासाठी काम करणारा खालीच जाणार. आपल्याला हे ऐकून फार धक्का बसायचं कारण नाही, हे गणित आपण जन्मापासून बघत आलोय. म्हणून तिथे जाऊन "अरेरे किती मागासलेले" असा सूर तरी लावू नये.

हल्ली एक बदल मात्र दिसतो, पाहुणे लोहाराच्याच अंगणात येतात, रोख पैसा त्याच्याच हातात पडतो. त्याने लग्नाची बंधनं सुटली असं मी म्हणणार नाही, पण शेजारच्या गुरंवाल्यापेक्षा लोहाराच्या घरावर पत्रे आधी चढलेले दिसू शकतात.

बायकांचं काय स्थान? त्यांचा तो चामड्याचा पोशाख काय आहे?

तो झालरीचा, मणी लावलेला कातड्याचा घागरा म्हणजे हानांगवेंडा, लग्न झालेल्या बाईचा. त्याला नुसतं कपडा म्हणून बघत नाहीत, पवित्र मानतात. हातात पितळेची कडी, गळ्यात मण्यांच्या माळा. मणीकाम आणि कातड्याचं काम बायकांचं, ओतकाम-ठोककाम पुरुषांचं. दाणे दळायला दगडावर दगड घासतात, पाहुण्यांना तेही करून बघायला देतात आणि सगळे फोटोपुरतं करतात.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगतो. एक, बाराबाइग बायकांची स्वतःची पंचायत असते. पुरुषाने बाईच्या बाबतीत ठरलेली मर्यादा ओलांडली, समजा बाळंतिणीला मारलं, तर बायका जमून खटला चालवतात आणि दंड ठोकतात, दंड म्हणजे बैल. पुरुषांना तो भरावा लागतो. दुसरी, लग्नानंतर बाई सासऱ्याचं आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. आपल्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं इतपत होतं, इथे त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दसुद्धा टाळायचा. त्यामुळे बायकांकडे अशा शब्दांना पर्यायी शब्दांचा मोठा साठा असतो आणि पोरी तो सासूकडून, जावांकडून शिकतात.

डोळ्याभोवती गोल खुणा दिसल्या, ते काय?

सौंदर्याची आणि ओळखीची खूण. डोळ्यांभोवती त्वचेवर ठिपक्यांची किंवा रेघांची वर्तुळं करतात. तरुण पोरांमध्ये कमी होत चाललंय, शाळेत जाणाऱ्यांमध्ये तर खूपच. विचारायला हरकत नाही, बोट दाखवून हसू मात्र नका.

त्यांचा देव कोणता?

असेता, सूर्याशी जोडलेला. पण रोजच्या जगण्यात पूर्वजांचे आत्मे जास्त जवळचे. काही जण आता ख्रिश्चन झालेत. मोठ्या मानाच्या म्हाताऱ्याचं अंत्यकर्म, बुंगएदा, महिनोन्महिने चालतं, थडग्यावर मातीचा उंच ढिगारा थराथराने रचत जातात, लांबून लांबून लोक येतात, मधाची दारू, गाणी, सगळं. ते थडगं पुढे त्या घराण्याचं तीर्थस्थान होतं.

ही जमीन मग कोणाची? वाचलं की त्यांची जमीन गव्हासाठी गेली.

हो. १९७० च्या दशकात हानांगच्या पठारावर कॅनडाच्या मदतीने सरकारी गव्हाचे प्रचंड फार्म झाले, जवळजवळ १ लाख एकर. नकाशावर ती "रिकामी" जमीन होती, प्रत्यक्षात बाराबाइगांची सगळ्यात चांगली कुरणं. ट्रॅक्टर फिरले तेव्हा वर लिहिलेली थडगीही नांगरली गेली. लोक कोर्टात गेले, १९८० च्या दशकात एकदा जिंकले आणि अपिलात हरले. कुरण गेलं की कळप फुटतो, माणसं इकडे तिकडे पांगतात, आणि एयासीच्या बाजूला गर्दी व्हायला हेही एक कारण आहे. हाडझांच्या रानात गुरं का शिरतात याचं उत्तर शोधत गेलात तर एक धागा त्या गव्हापर्यंत पोचतो.

खरं सांगा, हे सगळं टुरिस्टसाठीचं नाटक आहे ना?

अर्धं. तुमच्यासमोर कुलूप वितळवलं ते तुमच्यासाठीच, आणि "या, बांगडी घ्या" हेही तुमच्यासाठीच. पण गिऱ्हाईक म्हणून पाहुणा नवीन आहे, काम जुनं आहे. पाहुणे गेल्यावर तीच भट्टी कोणाची सुरी, कोणाचं कुऱ्हाडीचं पातं यासाठी पेटते. पटत नसेल तर कोपऱ्यात ठेवलेला माल बघा, तिथे चमकवलेलं काही नसतं, दुरुस्तीला आलेली घासलेली अवजारं पडलेली असतात. आणि लोहाराने गिऱ्हाईक बघून माल बदलला तर त्यात खोटं काय ते मला कळत नाही.

कसं जायचं? कधी जायचं?

अरुशाहून कराटूपर्यंत चांगला डांबरी रस्ता, अडीच-तीन तास. कराटूहून मांगोल्याकडे साधारण ५० किमी, कच्चा, धुळीचा, दीड-दोन तास धरा. जून ते ऑक्टोबर कोरडे महिने, ते बरे. मार्च ते मे पावसात रस्ता चिखल होतो. तिथला लोकल गाईड घ्यावाच लागतो आणि घ्यावाच, दातोगा भाषा येणारा माणूस नसेल तर नुसते हातवारे होतात. जाता जाता मांगोल्यात कांद्याची शेतं लागतील, झऱ्यांच्या पाण्यावरची, पोत्यांच्या थप्प्या रस्त्याकडेला. लासलगावकडच्या मंडळींना तिथून हलवणं अवघड जातं.

बांगडी घ्यावी का? काळी पडेल का?

घ्या की. भाव करता येतो पण चिरडू नका, समोर बसून कोणी ती घडवली ते तुम्ही बघितलंय. पितळ-तांब्याची घामाने काळपट पडणार, हाताला हिरवा डागही पडतो, चिंच किंवा पितांबरी लावली की परत चकचकीत. ॲल्युमिनियमची हलकी असते, काळी कमी पडते पण चटकन वाकते.

एकच सूचना, तोट्या आणि कुलपांच्या पितळेत थोडं शिसं मिसळलेलं असतं (यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून कारखान्यातच घालतात). मोठ्या माणसाने हातात घातली तर काळजीचं कारण नाही, पण दात येणाऱ्या बाळाला चघळायला देऊ नका.

बाण किंवा सुरी विमानातून आणता येते का?

केबिन बॅगेत विसरा. चेक-इन सामानात नीट गुंडाळून, आणि आधी एअरलाईनला विचारून. बाण घ्यायचा तर लोहाराकडून नवा कोरा घ्या. हाडझांच्या भात्यातला वापरलेला बाण मागू नका, दांड्यावर काळं काही थापलेलं असेल तर हातच लावू नका. पक्ष्याची पिसं, कातडं लावलेल्या वस्तू कस्टममध्ये अडकू शकतात, नुसतं पातं आणा, ते पुरे.

फोटो काढू दिले जातात का?

सहसा हो, ठरलेल्या फीमध्येच येतं. तरी विचारून. भट्टी सुरू असताना कॅमेरा घेऊन अगदी तोंडाशी जाऊ नका, मुशीत ओला तुकडा पडला तर रस उडतो. आणि ड्रोन नको, गुरं बिथरतात.

मुलांना नेलं तर चालेल?

चालेल, बहुतेक मुलांना सिंहापेक्षा हेच जास्त आवडतं. बंद बूट, सुती कपडे, सिंथेटिक नको, ठिणगी पडली की चिकटतं. काट्याच्या कुंपणापासून सांभाळा. भाता मारून बघायची परवानगी मिळतेच, फक्त मूस आत असताना नाही, तेव्हा आपल्या चुकीच्या फुंकरीने त्यांचं पितळ वाया जातं.